मेमरी कुणाच्या भरवशावर?

पुण्यात घरात इंजिनिअरिंगचं पोरगं असलं की आयटीतल्या प्रत्येक काका-मामाला एक प्रश्न ठरलेला असतो, सध्या कोणत्या लँग्वेजला स्कोप आहे? जंगली महाराज रोडवरून नाहीतर कर्वे रोडवरून जाताना क्लासचे बोर्ड वाचत गेलं तरी कळतं की या प्रश्नाचं उत्तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, आधी जावा होतं, मग डॉट नेट, मग अँग्युलर आणि नोड, मग पायथन आणि डेटा सायन्स, आता एआय. आणि जिचा बोर्ड नाही ती लँग्वेज मेली असं धरून पोरं मोकळी होतात. सी मेली, सी प्लस प्लस म्हाताऱ्यांची, फोरट्रान तर आजोबांच्या काळातली.

माझं म्हणणं असं आहे की लँग्वेज कामाची आहे की नाही हे बोर्डावर किंवा नोकरीच्या साइटवर ठरत नाही, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्राम खऱ्या वापरात गेल्यावर ठरतं, आणि तिथे ठरवणारी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: प्रोग्रामनं घेतलेली मेमरी परत कोण करणार, कधी करणार, आणि त्यात गडबड झाली तर ती पकडणार कोण. सिंटॅक्स, फ्रेमवर्क, लायब्ररी हे सगळं नोकरीला लागल्यावरही शिकता येतं. पण मेमरीची जबाबदारी माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलीय की मशीनवर, यावर पुढची पंधरा-वीस वर्षं त्या सॉफ्टवेअरचं काय होणार ते अवलंबून असतं, आणि हे आपल्याकडे ना कॉलेजात कोणी विचारतं ना इंटरव्ह्यूत.

फोरट्रानचंच आधी घेऊ, कारण ते आपल्या पुण्यातच चालू आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ ला प्रत्यूष सुपरकॉम्प्युटर आला, २०२४ ला अर्का आला, आणि हवामानाच्या अंदाजासाठी तिथे जी मॉडेल्स चालतात त्यांचा गाभा आजही मोठ्या प्रमाणात फोरट्रानमध्येच आहे. १९५७ ची भाषा. ती टिकली यामागे नुसती जुन्याची सवय नाहीये. या कामाचा मेमरीचा आकारच वेगळा असतो, वातावरणाचे चौकोन पाडायचे, सुरुवातीला आकड्यांच्या लांबलचक रांगा, म्हणजे भलेमोठे अ‍ॅरे घ्यायचे, मग तासन्‌तास त्यांच्यावर गणित करायचं आणि शेवटी सोडून द्यायचे. पॉइंटरची, म्हणजे मेमरीतल्या जागांचे पत्ते सांभाळायची, फारशी भानगड नाही, आणि फोरट्रान ९५ पासून तर सबरूटीनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्यात, घेतलेला अलोकेटेबल अ‍ॅरे सबरूटीन संपली की आपोआप सुटतो. शिवाय त्या मॉडेलला कोणी अनोळखी माणूस इंटरनेटवरून मुद्दाम वाकडातिकडा डेटा पाठवत नाही. काम असं आहे म्हणून भाषा बसते, एवढं सरळ आहे ते.

आता सी. १९७२ च्या आसपास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी बनवली आणि तिचा करार स्वच्छ आहे: मॅलॉक करून मेमरी तू घेतलीस, फ्री करून परतही तूच कर, अ‍ॅरे कुठे संपतो ते तूच लक्षात ठेव, मी मध्ये येणार नाही. त्या काळच्या मशीनवर हा करार योग्यच होता आणि त्यावर जे उभं राहिलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. लिनक्स सीमध्ये, एसक्यूलाइट डेटाबेस सीमध्ये, अगदी पहिल्या वर्षाचं पोरगं ज्या पायथनवर प्रोग्राम चालवतं तो नेहमीचा सीपायथनसुद्धा सीमध्येच. तेव्हा सी मेली वगैरे बोलण्यात काही दम नाही. प्रश्न वेगळा आहे. आज, नव्यानं, बाहेरून येणारा डेटा वाचणारं सॉफ्टवेअर लिहायला बसताना तोच करार परत करायचा का? मी म्हणतो नाही करायचा, आणि हे मी अगदी ठामपणे म्हणतो.

का ते बघायला हार्टब्लीड नावाची एक गाजलेली चूक पुरेशी आहे. वेबसाइटशी होणारं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीमध्ये हार्टबीट नावाची एक सोय होती, कनेक्शन चालू आहे ना हे तपासायला. एक बाजू थोडासा डेटा पाठवते आणि सोबत सांगते की हा इतक्या बाइटचा आहे, दुसऱ्या बाजूनं तोच डेटा जसाच्या तसा परत पाठवायचा. गडबड इथे की परत पाठवणारा कोड सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवायचा आणि खरंच किती बाइट आले ते तपासायचा नाही. मग चार बाइट पाठवून लांबी हजारोंमध्ये सांगितली की कॉपी करणारी मेमकॉपी ते चार बाइट तर उचलायचीच आणि मेमरीत त्याच्या पुढे जे काही पडलेलं असेल तेही उचलून परत पाठवायची, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत. त्यात लोकांचे पासवर्ड, सेशन कुकी, आणि नशीब खराब असेल तर सर्व्हरची प्रायव्हेट कीसुद्धा. हा कोड मार्च २०१२ च्या रिलीजमध्ये गेला आणि त्यातली गडबड एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली, म्हणजे दोन वर्षं जगभरचे सर्व्हर असे उघडे. दुरुस्ती काय होती? लांबी तपासणाऱ्या काही ओळी, बास.

तो कोड आळशी लोकांनी लिहिलेला नव्हता, रिव्ह्यूही झालेला होता. आणि असं काही पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर फिरला तेव्हा त्याचा एक रस्ता फिंगर सर्व्हरमधल्या बफर ओव्हरफ्लोचाच, म्हणजे जागेपेक्षा जास्त डेटा भरण्याचाच होता, लांबी न बघता इनपुट घेणारं गेट्स फंक्शन. १९८८ ते २०१४, सव्वीस वर्षं, मधल्या काळात पुस्तकं आली, ट्रेनिंग झाली, कोडिंग स्टँडर्ड आली, मेमरीच्या चुका पकडणारं व्हॅलग्राइंड आलं, तरी जातकुळी तीच. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की त्यांच्याकडे दर वर्षी ज्या सुरक्षेच्या चुका नोंदवून दुरुस्त होतात त्यातल्या साधारण ७० टक्के मेमरीच्या असतात. २०२० मध्ये क्रोम ब्राउझरचा गाभा असलेल्या क्रोमियमवाल्यांनी त्यांच्या गंभीर चुकांबद्दल जवळपास हाच आकडा दिला, आणि त्यातल्या साधारण निम्म्या तर सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरल्याच्या. या दोन्ही ठिकाणी जगातली उत्तमातली उत्तम माणसं आणि हवी तेवढी टूल्स आहेत. त्यांना जे नुसत्या काळजीनं जमलं नाही ते आपल्या टीमला रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये "जरा नीट लिहा रे" असं सांगून जमेल, असं मानणं मला पटत नाही.

आणि आपल्याकडे नेमकं तेच चालतं. प्रॉडक्शनमध्ये क्रॅश झाला की आरसीए, म्हणजे मूळ कारणाचा रिपोर्ट, लिहायची, त्यात रूट कॉज म्हणून ह्युमन एरर, करेक्टिव्ह अ‍ॅक्शन म्हणून टीमला सूचना दिल्या आणि रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवली. ज्या पोरानं ती ओळ लिहिली त्याचं अप्रेझल खराब होतं, तो चार महिन्यांत खराडीच्या दुसऱ्या कंपनीत जातो, आणि कोड तिथेच राहतो, पुढच्या पोराची वाट बघत. याचा मला खरंच राग येतो. दहा लाख ओळींच्या कोडमध्ये कोणता पॉइंटर कोणाच्या मालकीचा आहे हे डोक्यात धरून ठेवणं कोणाच्याच आवाक्यातलं नाही, मग तो फ्रेशर असो नाहीतर वीस वर्षं अनुभवाचा आर्किटेक्ट.

सीमध्येही ही जबाबदारी माणसावरून काढता येते बरं का, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. चाकण-पिंपरीला गाड्या बनतात आणि त्यांच्या ईसीयूचा, म्हणजे गाडीतल्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरचा, बराच कोड हिंजवडी-बाणेर पट्ट्यात लिहिला जातो, तिथे काम केलेल्या कोणालाही मिस्रा सी माहीत असतं. १९९८ पासूनचे, गाड्यांसाठी सी कसं लिहायचं याचे नियम, आणि २०१२ च्या आवृत्तीत सरळ म्हटलंय की डायनॅमिक मेमरी वापरू नका. म्हणजे किती मेसेज बफर, किती डायग्नोस्टिक कोड, सगळं आधीच ठरवून स्टॅटिक ठेवायचं, गाडी चालू असताना मॅलॉकच नाही, मग फ्री विसरायचा प्रश्न नाही आणि ऐन ब्रेकच्या वेळी मेमरी मिळाली नाही असंही नाही. त्यावर प्रोग्राम न चालवताच कोड तपासणारी स्टॅटिक अ‍ॅनालिसिसची टूल्स चालवायची. पुण्यात टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ मध्ये सुरू झालं, तिथे स्टॅटिक अ‍ॅनालिसिसवर वर्षानुवर्षं संशोधन झालंय, म्हणजे या शहराला हा विषय काही नवा नाही.

पण हे उत्तर छोट्या ईसीयूपुरतं आहे. आताच्या गाडीत डॅशबोर्डच्या जागी मोठी स्क्रीन, आत लिनक्स किंवा अँड्रॉइड, ब्लूटूथ, वायफाय, सिमकार्ड, हवेतून येणारे अपडेट. किती फोन जोडले जातील, गाण्याच्या फाइलमध्ये कोण काय लिहून पाठवेल, हे आधी ठरवून स्टॅटिक अ‍ॅरे कसे घेणार? तिथे हीप लागतोच, म्हणजे प्रोग्राम चालू असताना लागेल तशी मेमरी घ्यावीच लागते, आणि तिथे आपण मिस्राची शिस्त मागे सोडून साध्या सी प्लस प्लसमध्ये न्यू-डिलीट करत, म्हणजे मेमरी हातानं घेत-सोडत सुटलो तर हार्टब्लीड चार चाकांवर फिरवल्यासारखं होईल. कोणी म्हणेल २०११ पासून सी प्लस प्लसमध्ये मेमरी आपोआप सोडणारे स्मार्ट पॉइंटर आहेत, युनिक पॉइंटर आहे, शेअर्ड पॉइंटर आहे. आहेत, आणि वापरलेच पाहिजेत, पण वापरले नाहीत तर कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर काही अडवत नाही, आणि शेवटी अडवायचं काम पुन्हा रिव्ह्यू करणाऱ्यावरच येतं.

आता जावावाले म्हणतील की आमचा काय संबंध, आमच्याकडे नको असलेली मेमरी आपोआप परत घेणारा गार्बेज कलेक्टर (जीसी) आहे. संबंध आहे. जीसीची कल्पना लिस्पपासूनची, १९५९ च्या सुमाराची, आणि १९९५ ला जावा आल्यावर ती घराघरात गेली, त्यानं एका अख्ख्या जातीची चूक संपवली हे मान्यच. बिलिंग, एचआर, इन्शुरन्स, बँकेची बॅक ऑफिस कामं, पुण्यात बसून जगासाठी लिहिला जाणारा बहुतेक कोड यातच मोडतो आणि त्याला जावा, डॉट नेट, गो हेच बरोबर आहे, उगाच फॅशन म्हणून दुसरं काही आणायची गरज नाही. पण जीसी फक्त तीच मेमरी परत घेतो जिच्यापर्यंत प्रोग्रामला कुठूनच पोचता येत नाही. तुम्ही विसरलात पण प्रोग्राम विसरला नाही, ती मेमरी तशीच राहते.

हे दिसतं कसं ते सांगतो, कारण हे मी एकाच नाही अनेक टीममध्ये बघितलंय. सर्व्हिस सकाळी ताजी असते, दुपारपासून ग्राफ चढायला लागतो, जीसी झाला की खाली येतो पण प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा थोडा वरच थांबतो, आणि संध्याकाळी अमेरिकेचा ट्रॅफिक चालू झाला की रिस्पॉन्स टाइम बोंबलतो. हीप डंप, म्हणजे मेमरीचा त्या क्षणाचा फोटो, काढून मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये उघडला की सगळ्यात वर एक कॉन्करंट हॅशमॅप (ओळख लावून गोष्टी साठवायची यादी), स्टॅटिक, नाव काहीतरी कॅशे, ओळख म्हणून सेशन आयडी, आणि आत लॉगआउट होऊन गेलेल्या लोकांचे लाखो ऑब्जेक्ट. टाकायचा कोड आहे, काढायचा कोणी लिहिलेलाच नाही. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. पण एका कंपनीत त्यावर तोडगा काय होता, तर रोज पहाटे क्रॉननं, म्हणजे वेळ लावून आपोआप, सर्व्हिस रिस्टार्ट करायची, आणि तो तोडगा टीममधले सगळे जुने लोक सोडून गेले तरी चालूच होता, नव्या लोकांना तो रिस्टार्ट का आहे हेही माहीत नव्हतं.

कंटेनर, म्हणजे प्रोग्रामला ठरावीक मेमरीत कोंडून चालवायची पेटी, आल्यावर तर अजून एक भर पडली. कंटेनरची लिमिट दोन जीबी आणि जावाच्या हीपलाही दोन जीबी, असं लिहिलेलं मी कितीदा तरी बघितलंय. हीप म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणाऱ्या जेव्हीएमची सगळी मेमरी नव्हे, त्याच्या बाहेर मेटास्पेस असतो, डायरेक्ट बफर असतात, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक असतो, जीसीचा स्वतःचा हिशोब असतो. मग लिमिट ओलांडली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेस मारून टाकतो, एक्झिट कोड १३७, आणि जावाच्या लॉगमध्ये एक अक्षरही नाही, कारण हा झटका जावाला हाताळताच येत नाही. ऑन-कॉलवर असलेलं पोरगं रात्रभर लॉग चाळत बसतं. त्याला चार वर्षांत कोणी हीप आणि प्रोसेसची मेमरी यातला फरकच शिकवलेला नसतो, जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कचे अ‍ॅनोटेशन मात्र शंभर पाठ असतात.

तिसरं उत्तर रस्टचं. मोझिलात वाढलेली भाषा, १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. इथे मेमरीचा हिशोब कम्पायलर प्रोग्राम चालायच्या आधीच तपासतो. समजा असा सातबारा की ज्यावर मालक म्हणून एकाच वेळी एकाचंच नाव, मालक गेला की जमीन आपोआप मोकळी, मधल्या काळात बघायला कितीही जणांना परवानगी, पण बदल करायची परवानगी दिली तर ती एकालाच आणि तेवढा वेळ बाकी सगळ्यांनी बाहेर. हे मोडलं तर प्रोग्राम कम्पाइलच होत नाही. म्हणून जीसीही लागत नाही. चॅटवाल्या डिस्कॉर्डनं २०२० मध्ये त्यांची एक सर्व्हिस गोमधून रस्टमध्ये नेली ती याच कारणानं, गोचा जीसी निदान दर दोन मिनिटांनी चालायचाच, मोठा कॅशे तपासत बसायचा आणि दर वेळी लेटन्सी, म्हणजे उत्तराला लागणारा वेळ, उसळायची. तरी मी म्हणणार नाही की सगळ्यांनी तेच करावं, जावातही झेडजीसी हा प्रोग्रामला फार न थांबवणारा जीसी २०२० पासून प्रॉडक्शनसाठी तयार आहे आणि बहुतेकांचं भागतं त्यात. रस्ट शिकायला वेळ लागतो, पहिले दोन-तीन महिने कम्पायलरशी भांडणात जातात, पुण्यात माणसं सहज मिळत नाहीत, हार्डवेअरच्या जवळ गेलं की ज्यांची सुरक्षितता कम्पायलरला पूर्ण तपासता येत नाही असे अनसेफ ब्लॉक लिहावेच लागतात. हे सगळं खरं आहे. पण तो त्रास लिहिताना होतो, ऑफिसच्या वेळेत, लिहिणाऱ्यालाच. सीमधला त्रास पाच वर्षांनी होतो, रात्री, दुसऱ्याच कोणाला तरी.

मॅनेजर लोकांची खरी भीती वेगळी असते, की आता सगळं नव्यानं लिहायचं का? अजिबात नाही. अँड्रॉइडचा अनुभव याबाबतीत फार मोलाचा आहे. तिथे सुरक्षेच्या चुकांमधला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला, आणि जुना सी प्लस प्लस कोड त्यांनी फेकून दिला नाही, फक्त नवीन कोड जास्त करून कोटलिन, जावा, रस्टमध्ये लिहिला. कारण अशा चुका मुख्यतः ताज्या कोडमध्ये असतात, जुना कोड वापरून वापरून, दुरुस्त होऊन होऊन निवळत जातो. लिनक्सनंही डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत रस्टला दार उघडलं ते नव्या ड्रायव्हरसाठी, जुनं कर्नल पाडायला नाही.

भाषा बदलली की सगळं सुटलं असंही कोणी समजू नये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अपडेटनं साधारण ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. मूळ काय, तर कोड २१ वी किंमत वाचायला गेला आणि आत होत्या २०. रस्टमध्ये असतं तर शेजारची मेमरी वाचली गेली नसती, पण एरर नीट हाताळली नसती तर कर्नलमध्ये पॅनिक होऊन, म्हणजे कोड तिथेच थांबून, मशीन तरीही पडलंच असतं. आणि अपडेट एकदम सगळ्या जगाला न पाठवता थोड्यांना आधी पाठवायचा हा निर्णय कोणतीच लँग्वेज घेत नाही.

पुण्यानं हे आत्ता मनावर घ्यावं याचं एक रोखठोक कारणही आहे. आपले क्लायंट. अमेरिकेत एनएसए या सरकारी सुरक्षा संस्थेनं २०२२ मध्ये आणि व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये मेमरी सेफ, म्हणजे अशा चुका होऊ न देणाऱ्या, भाषांकडे जा असं उघड सांगितलं. नंतर सिसा ही तिकडची सायबर सुरक्षा संस्था आणि एफबीआय यांनी, महत्त्वाच्या यंत्रणांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी १ जानेवारी २०२६ च्या आत तसा रोडमॅप जाहीर करावा, अशी अपेक्षा लिहून ठेवली. सक्ती नाहीये, सल्ला आहे. पण हा सल्ला तिकडच्या कंपनीकडून कॉन्ट्रॅक्टमध्ये आणि तिथून हिंजवडीच्या टीमच्या टेबलावर यायला किती वेळ लागणार? तेव्हा माणसं शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक टीमनं दोन जणांना आत्तापासून वेळ द्यावा, एखादा छोटा पार्सर, एखादं बाहेरचा डेटा वाचणारं मॉड्यूल निवडून, आणि तो वेळ एस्टिमेटमध्ये उघड लिहावा, शनिवार-रविवारच्या हौसेवर सोडू नये.

कॉलेजांबद्दल तर मला पोटतिडकीनं सांगायचंय. वर्षानुवर्षं पोरं टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर लिंक्ड लिस्ट लिहीत आली, नोड डिलीट करताना फ्री केलं काय नि नाही केलं काय, आउटपुट बरोबर आलं की जर्नलवर सही. मग पहिल्या वर्षाला पायथन आलं, चांगलंच झालं, पण त्यात मेमरी दिसतच नाही. मधे कुठेतरी ती दिसायला हवी ना? त्यासाठी नवा विषय नको, नवं पुस्तक नको. दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलला लॅबमधल्या उबुंटूवर जीसीसी कम्पायलरला -g सोबत, मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचा एक फ्लॅग द्यायचा, फुकट आहे, प्रोग्राम साधारण दुपटीनं हळू चालतो पण लिंक्ड लिस्टला त्यानं काय फरक पडतो. अ‍ॅरेच्या बाहेर गेलं, सोडलेला नोड परत वापरला, फ्री विसरलं, की कोणत्या ओळीवर काय झालं ते लाल अक्षरात समोर येतं. आणि मग तोच प्रोग्राम एकदा रस्टमध्ये लिहायला लावायचा आणि कम्पायलर कुठे अडवतो ते व्हायवात विचारायचं. सर-मॅडमना यासाठी सिलॅबस बदलायची वाट बघावी लागत नाही, सही करायच्या आधी तो फ्लॅग लावून प्रोग्राम चालवून दाखव एवढं म्हटलं की येत्या सेमिस्टरपासून सुरू करता येईल.